दोन पिंजरे, एक नांगर

वाहून गेलेले दोन पिंजरे भर समुद्रातून ओढून परत आणायचे, एवढ्या एकाच कामासाठी त्या रविवारी सकाळी चौघं जण होडीत बसले. पिंजरे रिकामे नव्हते. त्यांत वर्षभर पोसलेला जिताडा मासा होता. जिवंत, सळसळता, आणि दिवाळीच्या तोंडावर बाजारात जायला तयार!

मालाडच्या पश्चिमेला, मढच्या रस्त्यावर, खाडीच्या काठानं एक कोळीवाडा पसरला आहे. तिथल्या बायकांचा हा धंदा. सरूबाई त्यांची पुढारी. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन तिनं अर्धं मालाड पायाखाली घातलं होतं. समुद्रात मासा कमी होत चाललाय हे तिला कुणी सांगायला नको होतं, दर वर्षी हलकी होत जाणारी टोपलीच सांगत होती. "समुद्र देत नाय ना? मग आपुन वाढवू!" ती एक दिवस म्हणाली, आणि बायकांनी मान डोलावली. बचत गटातली शिल्लक बाहेर आली. काहींनी अंगावरचं सोनं काढून दिलं. खाडीच्या तोंडाशी दोन पिंजरे तरंगायला लागले. जाड प्लास्टिकच्या नळ्यांची मोठाली गोल कडी, आणि त्यांच्याखाली पाण्यात लोंबणारी मजबूत जाळी. एकात मोठा मासा, दुसऱ्यात लहान. पहिलाच हंगाम म्हणून कुठलीच विमा कंपनी त्यांना दारात उभी करेना. "विमा नाय तर नाय," सरूबाई म्हणाली, "एरियातली सगळी पोरं लक्ष ठेवतील."

पण शनिवारी रात्री पौर्णिमेची ओहोटी असा जोर धरून सुटली की तिनं खाडीतून एक अख्खं झाड मुळांसकट वाहवत आणलं. झाड दोरात अडकलं. नांगर उखडला. पहाटे बायका काठावर आल्या, तर समोरचं पाणी मोकळं!

तेवढ्यात मासेमारी करून परतणाऱ्या गुणाजीचा फोन आला. "सरूबाय, तुजी दोन्ही कडी कासव्याजवळ दिसतायत. माजी होडी मासळीनं भरलीय, मला थांबता येत नाय. पन घाई कर!"

कासव्या म्हणजे किनाऱ्यापासून बराच आत, ओहोटीला पाण्याबाहेर पाठ काढणारा काळा खडक. भरती आली की तो बुडतो, आणि मग त्याच्यासारखा दगाबाज दुसरा कोणी नाही.

होडी सरूबाईच्या मुलाची, चंदरची. मशीन त्याच्या हातात, म्हणून तो आलाच. सरूबाईला तर कोणी अडवूच शकत नव्हतं. तिसरी नमिता, सरूबाईची भाची. कोळीवाड्यातच वाढलेली, आता अंधेरीच्या एका विमा कंपनीत नोकरीला. कुणाचं गोदाम जळू शकेल, कुणाचा ट्रक उलटू शकेल, याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून हप्ता ठरवायचा, हे तिचं रोजचं काम. आणि चौथा देवव्रत, तिचा कॉलेजपासूनचा मित्र. अंधेरीत त्याचं मासळीचं हॉटेल होतं. पिंजऱ्यातला सगळा मोठा मासा तोच घेणार होता, आणि आज तो बघायलाच आला होता. मालवणला पाण्याखाली पोहायला शिकल्यापासून त्याच्या गाडीत पाण्यात घालायचा चष्मा आणि पायातले पंखे कायम पडलेले असत. ते काखोटीला मारून तो सरळ होडीत चढला.

"थांबा," नमिता म्हणाली. "आधी दोन गोष्टी ठरवू."

"मिटिंग हाय का काय?" चंदर मशीनची दोरी ओढायच्या बेतात होता. "ओहोटी चाललीय गो!"

"म्हणूनच आत्ता ठरवायचं. तिकडे पिंजरे दिसल्यावर आपलं डोकं ठिकाणावर राहायचं नाही. टाकीतलं तेल अर्ध्यावर आलं की तोंड घराकडे. जे हातात असेल ते घेऊन. आणि होडीत पाणी घोट्याच्या वर आलं की जे काय करत असू ते थांबवायचं. कबूल?"

"आणि मासा तिथंच दिसत असला तर?" सरूबाईनं विचारलं.

"तरी."

सरूबाईनं पदर कमरेला खोचला. "कबूल. चल आता."

नमितानं सगळ्यांपुढे लाइफ जॅकेट टाकली. चंदरनं तोंड वाकडं केलं. कोळ्याच्या पोराला असलं काही घालून जाताना काठावरच्यांनी पाहिलं तर आठवडाभर चेष्टा! पण आईनं डोळे वटारले, आणि त्यानं मुकाट्यानं पट्टे आवळले. मशीन धडधडलं. होडी सुटली!

खाडीच्या तोंडाशी पहिला दणका बसला. बाहेर जाणारी ओहोटी आणि आत येणाऱ्या लाटा तिथं एकमेकींच्या छातीवर आपटत होत्या. पाणी उकळल्यासारखं उसळत होतं. "बसा खाली!" चंदर ओरडला. होडीचं पुढचं टोक आकाशाकडे गेलं, क्षणभर तिथंच राहिलं, आणि धाडकन खाली आलं. खारं पाणी चौघांच्या तोंडावर! पुन्हा वर. पुन्हा खाली. देवव्रतनं दोन्ही हातांनी फळी धरली होती आणि तो वेड्यासारखा हसत होता. चंदरनं मशीनचा जोर कमी केला, एक मोठी लाट पुढे जाऊ दिली, आणि तिच्या पाठीवरून होडी अशी काही सरकवली की पुढच्या क्षणी ते बाहेर होते. उघड्या समुद्रावर!

"झकास रे चंदर!" नमिता ओरडली. तिचं हृदय धडधडत होतं, आणि तिला ते आवडत होतं.

बाहेर समुद्र लांब, आळशी श्वास घेत होता. होडी एकेका उंचवट्यावर चढायची आणि हळूच उतरायची. पाण्याचा खाडीतला चिखलाचा रंग मागे पडून त्याला हिरवट झाक आली. मागे वळून पाहिलं तर मालाड-गोरेगावच्या इमारती कुणीतरी किनाऱ्यावर काड्या रोवून ठेवाव्यात तशा दिसत होत्या, आणि त्यांच्या पाठीमागे बोरिवलीच्या जंगलाचे डोंगर, पावसाळ्यानंतरचे, गर्द. डोंगरांवर कापसासारखा एक पांढरा ढग उभा राहत होता. ऑक्टोबरात असले ढग रोजच येतात. सरूबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं.

नमिता मात्र दुसऱ्याच विचारात होती. दोन पिंजरे का केले होते? एकाला काही झालं तर दुसरा राहावा म्हणून. सगळ्या बायकांना तिनं स्वतः हेच समजावलं होतं. मग दोन्ही एकाच वेळी कसे गेले? आणि मग तिला ते एकदम दिसलं. नांगर महाग, म्हणून मोठ्या पिंजऱ्याला नांगर आणि लहान पिंजरा मोठ्याला बांधलेला. पिंजरे दोन होते, पण जोखीम एकच होती!

"आत्या," ती म्हणाली, "आपण दोन पिंजरे केलेच नव्हते गं. दोन तोंडांचा एकच पिंजरा होता तो."

सरूबाईला समजायला वेळ लागला नाही. तिनं कपाळावर हात मारला. "आनि आमी सगळ्या बायका त्या दोराकडं रोज बघत होतो!"

"दिसले!" देवव्रत पुढच्या टोकावर उभा राहिला. "तिकडे! उजवीकडे!"

कासव्याची काळी, शेवाळलेली पाठ पाण्याबाहेर आली होती. तिच्याभोवती पांढरा फेस. आणि त्या फेसाच्या अगदी कडेला दोन्ही कडी वर-खाली हेलकावत होती. उखडलेला नांगर खडकाच्या फटीत अडकला होता, म्हणून पिंजरे अजून इथं होते. पण प्रत्येक लाटेबरोबर मोठा पिंजरा खडकाकडे ढकलला जात होता. एका बाजूची नळी फुटली होती आणि तेवढं कडं पाण्यात बुडालं होतं.

"जवळ जाता येत नाय," चंदर म्हणाला. "मशीन खडकाला लागलं तर वाट लागली."

"मी जातो," देवव्रत म्हणाला. चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढला होता. नमितानं त्याच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक सरूबाईनं स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन धरलं. देवव्रतनं जॅकेट काढलं, कारण ते घालून खाली जाता येत नाही, आणि सुरी दातांत धरून पाण्यात उडी घेतली.

पाणी मिटलं. फक्त दोर सरकत होता. एक लाट खडकावर फुटली. दुसरी फुटली. दोर थांबला.

"आत्या, ओढ!"

"थांब. तो हलतोय. हाताला लागतंय माज्या."

तिसरी लाट फुटली आणि तिच्याबरोबर दोराला जोराचा हिसका बसला. सरूबाईनं सगळं अंग मागे टाकलं. नमिता धावली, दोघी ओढू लागल्या, आणि फेसातून देवव्रतचं डोकं वर आलं. खांद्यावर खडकाचा लांबलचक ओरखडा, त्यातून रक्त. पण त्यानं अंगठा वर केला. दोर कापला गेला होता! पिंजरे मोकळे झाले होते!

चंदरनं होडी अलगद मागे घेतली, नमितानं आकड्यानं लहान पिंजऱ्याचं कडं पकडलं, आणि पाहता पाहता दोन्ही पिंजरे होडीच्या मागे बांधले गेले. सरूबाईनं वाकून आत पाहिलं. रुपेरी, जाडजूड अंगं एकमेकांवरून वळत होती. तिनं डोळे पुसले आणि लगेच ओरडली, "बघत काय बसलाव? चला घरी!"

मशीन पूर्ण जोरात सुरू झालं. दोर ताठ झाले. होडी थरथरू लागली. आणि किनारा जिथं होता तिथंच राहिला.

फुटलेल्या नळीमुळे मोठा पिंजरा कलला होता आणि त्याचं जाळं पोतं ओढावं तसं पाण्यात ओढलं जात होतं. चंदर दात-ओठ खात मशीनला धरून होता. देवव्रतनं खांद्याला फडकं बांधलं आणि टाकीचं झाकण उघडून पाहिलं. त्यानं नमिताकडे पाहिलं.

अर्धी!

त्याच वेळी वाऱ्याची एक थंड झुळूक त्यांच्या तोंडावर आली. किनाऱ्याकडून. डोंगरावरचा पांढरा ढग आता पांढरा राहिला नव्हता. तो खालून जांभळा, वरून आकाशभर पसरलेला होता, आणि इमारतींच्या काड्या एकेक करून त्यात नाहीशा होत होत्या.

"जमिनीवरचा वारा येतोय," चंदर म्हणाला. "आपल्याला बाहेर ढकलणार. दोन पिंजरे घेऊन मशीन नाय ओढणार. एक ओढंल."

"मग मोठा घे," सरूबाई ताबडतोब म्हणाली. "लहान सोड."

"आत्या, मोठा फुटलाय. तोच मागे खेचतोय."

"वर्षभर पोरासारखा वाढवलाय गो मी तो मासा! पावसात, रोज सकाळी, होडी करून खायला घालायला गेलेय. आनि तू सोड म्हनतंस?"

नमिता तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. वाऱ्यामुळे तिला ओरडून बोलावं लागत होतं. "आजवर काय घातलंस ते विचारू नकोस आत्या! ते दोन्हीकडून गेलंच. आत्ता, या घडीपासून पुढे, कशानं काय हाताला लागेल तेवढंच बघ. मोठा धरला तर दोन्ही जातील, आणि कदाचित आपणही. लहान धरला तर लहान तरी येईल!"

सरूबाईनं दोन्ही पिंजऱ्यांकडे पाहिलं. मग ढगाकडे. मग मशीनवर ओणव्या झालेल्या आपल्या मुलाकडे.

"लहान घ्या," ती म्हणाली.

"पण मोठ्यातला मासा का सोडायचा?" देवव्रत एकदम उसळला. "होडीत भरू! जेवढा येईल तेवढा! मोठ्या दांड्याची जाळी आहे ना?"

कुणालाच ते आधी का सुचलं नाही! चंदरनं मोठा पिंजरा होडीला भिडवला. नमितानं दांड्याची जाळी उचलली, खुपसली, आणि पहिल्याच खेपेला चार जिताडे वर आले. मांडीएवढे! ते होडीत धपाधप आपटले. "आणखी!" ती ओरडली. पुन्हा जाळी. पुन्हा रुपेरी धपधप! देवव्रत हातांनीच कल्ल्यांत बोटं घालून मासे वर फेकत होता. नमिताचे हात भरून आले होते, केस तोंडावर चिकटले होते, आणि ती हसत होती. असं हसू तिला अंधेरीच्या त्या गारेगार ऑफिसात कधी आलं नव्हतं. आणखी एक खेप! आणखी एक! ढग नव्हता, वारा नव्हता, फक्त मासे होते.

"बाय! पानी बघ!" सरूबाई ओरडली.

नमितानं जाळी पुन्हा खुपसली.

"नमे!" सरूबाईनं तिचा दंड असा धरला की जाळी हातातून सुटली. "पायाकडं बघ तुज्या!"

नमितानं खाली पाहिलं. तिचे घोटे दिसत नव्हते. माशांच्या वजनानं होडी खोल गेली होती आणि प्रत्येक लाटेबरोबर कडेवरून पाणी आत येत होतं. नियम तिनं केला होता. आणि तिलाच ते पाणी दिसलं नव्हतं!

"टाका," सरूबाई म्हणाली. "परत टाका सगळे."

मासे परत समुद्रात टाकणं! आजवर कुठल्या कोळणीनं असं सांगितलं असेल? पण तिनं स्वतःच सुरुवात केली. दोन्ही हातांनी एकेक उचलून. देवव्रत एक मोठा जिताडा छातीशी धरून क्षणभर उभा राहिला, आणि मग त्यानंही तो सोडला. चंदर डबड्यानं पाणी उपसत होता. होडी हळूहळू वर आली. टोपलीभर मासे राहिले तेव्हा सरूबाई थांबली, सुरी घेतली, आणि मोठ्या पिंजऱ्याचं जाळं वरून खाली फाडून टाकलं. "जा," ती म्हणाली. "कोंडून मरू नका."

रुपेरी रेघा हिरव्या पाण्यात पसरल्या आणि नाहीशा झाल्या. चंदरनं मोठ्याचा दोर तोडला.

आणि वादळ आलं!

आधी समुद्रावरून एक काळपट पट्टा धावत आला, मग त्यातला वारा. जणू कुणी होडीला थोबाडीत मारली! पावसाचे थेंब दगडासारखे. दहा हातांवरचं दिसेना. चंदरनं मशीनला जोर दिला, होडी एक झेप पुढे गेली, आणि मशीन गचकन बंद पडलं.

"मशीनच्या पंख्यात काहीतरी गुंतलंय!"

फाडलेल्या जाळ्याची एक लांब पट्टी. पंख्याला घट्ट आवळून बसलेली. चंदरनं मशीन वर उचललं, सुरी घेऊन मागच्या फळीवरून खाली वाकला. होडी आता वाऱ्याला आडवी झाली होती. एक लाट कुशीवर आदळली. होडी कलली. आणि चंदर नव्हता!

"चंदर!"

केशरी जॅकेट एकदा लाटेवर दिसलं. मग गेलं. वारा होडीला बाहेर, खोल समुद्राकडे ढकलत होता, चंदर मागे राहत होता, आणि मशीन मेलेलं होतं. देवव्रत उडी मारायला उठला. नमितानं त्याला खेचून बसवलं.

"तू गेलास तर दोघांना शोधायचं का?"

केशरी ठिपका पुन्हा वर आला. आणि या वेळी नमिताला काहीतरी विचित्र दिसलं. होडी वाऱ्याबरोबर पळू बघत होती. पण मागे बांधलेला लहान पिंजरा पळत नव्हता. दोर ताठ होता आणि पिंजरा होडीला धरून होता. चंदरही त्याच्याच बाजूला होता, त्याच्यापासून फार लांब नाही!

"भरती!" सरूबाई ओरडली. "भरती लागलीय! पिंजरा खोल हाय ना, त्याला वारा धरत नाय, पानी धरतंय! पानी घराकडं चाललंय!" ती पुढे सरकली. "दोर पुढच्या टोकाला बांधा! मागं राहिला तर होडी भरंल. पुढं घ्या!"

तिघांनी मिळून तो दोर फूट-फूट करत मागून पुढे आणला. सुटला असता तर सगळं संपलं असतं. नमिताच्या तळहातांची सालं निघाली. शेवटचा वेढा पडला, आणि होडी गर्रकन फिरली. तोंड लाटांकडे! आता लाट समोरून येत होती, टोक उचललं जात होतं, आणि पाणी दोन्ही बाजूंनी निघून जात होतं. पिंजऱ्यानं त्यांना नांगरासारखं धरून ठेवलं होतं.

"चंदर! पिंजरा धर! पिंजऱ्याकडं ये!" तिघं एका सुरात ओरडू लागले. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पण केशरी ठिपका हलला. हात वर आला. खाली गेला. पुन्हा वर. जॅकेटनं त्याला तरंगतं ठेवलं होतं, त्याला फक्त हात मारायचे होते. एक लाट त्याच्यावरून गेली, आणि पाऊस जरा विरळ झाला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. चंदर पिंजऱ्याच्या कड्यावर पोटावर पडला होता, दोन्ही हातांनी नळीला मिठी मारून!

सरूबाईनं डबडं उचललं आणि पाणी उपसायला लागली, कारण ते काम अजून बाकी होतं.

ऑक्टोबरातला पाऊस जसा येतो तसा जातो. वारा पडला, ढग समुद्राकडे सरकत गेला, आणि उन्हाची एक तिरीप थेट पिंजऱ्यावर पडली. देवव्रतनं पाण्यात उतरून पंख्यातली जाळी तुकडे-तुकडे करून काढली. चंदरला दोरानं ओढून होडीत घेतलं. तो थरथरत होता, दात वाजत होते. आईनं त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि मग त्याला पदरात गुंडाळून घेतलं.

"मोठा कुठं गेला?" त्यानं विचारलं.

मोठा पिंजरा कुठंच दिसत नव्हता. कासव्याही बुडाला होता.

"चल घराकडं," सरूबाई म्हणाली. "आनि ऐक, नमे. पुढच्या खेपेला एकाचा दोर दुसऱ्याला नाय. एक इकडं खाडीत, एक पार पलीकडं. नांगर महाग पडंल तर पडू दे. आनि घर चालवायचं सोनं परत कोनाकडून घ्यायचं नाय. बुडालं तरी संध्याकाळी चूल पेटली पायजे, तेवढंच पान्यात घालायचं."

नमिता हसली. हे वाक्य तिच्या कंपनीतल्या साहेबांना ऐकवायला हवं होतं, पण त्यांनी त्याचं इतकं लांबलचक काहीतरी केलं असतं की ते कुणालाच कळलं नसतं.

भरती आता त्यांच्या बाजूनं होती. मशीन रमतगमत चाललं तरी पुरत होतं. खाडीच्या तोंडाशी गुणाजीची होडी भेटायला आली, मासळी उतरवून परत निघालेली, मागोमाग आणखी दोन. कुणीतरी दोर घेतला, कुणीतरी गरम चहाची किटली फेकावी तशी पुढे केली, आणि सगळा ताफा आरडाओरडा करत खाडीत शिरला.

काठावर गटातल्या सगळ्या बायका उभ्या होत्या. चौघंही दिसल्यावर त्यांनी जो गलका केला तो मालाड स्टेशनपर्यंत ऐकू गेला असेल! मग पिंजरा दिसला. एकच. आणि गलका थांबला.

पूर्वी नावाची बाई पुढे आली. गटातली सगळ्यांत लहान, नुकतंच लग्न झालेली, आणि लग्नातल्या पाटल्या सगळ्यांत आधी काढून देणारी तीच. ती गुडघाभर पाण्यात उतरली.

"मोठा कुठाय सरूमावशी?"

नमिता बोलायला पुढे झाली, तर सरूबाईनं तिला हातानं मागे सारलं. "मी सोडला. जाळं मीच फाडलं. कोनी सांगितलं म्हनून नाय, माज्या डोक्यानं. काय बोलायचं ते मला बोल."

पूर्वीनं तिच्याकडे पाहिलं. मग थरथरणाऱ्या चंदरकडे, देवव्रतच्या खांद्यावरच्या रक्तानं भिजलेल्या फडक्याकडे, नमिताच्या सोललेल्या हातांकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि राग गेलेला नव्हता. पूर्वी पिंजऱ्यापाशी गेली, कडं धरलं आणि वाकून आत पाहिलं.

आत लहान जिताडे गोल गोल फिरत होते, तिची सावली पडताच तोंडं उघडून वर येत होते.

ती झटकन सरळ झाली आणि काठाकडे वळून ओरडली, "अगो, उभ्या काय राहिल्याव? या माशांना सकाळपासून कोनी खायला घातलंय का? पळा! खानं आना!"

आणि सगळ्या बायका पळाल्या.